बुधवारी सकाळी दहाला ऑफिसात कशाला?

ताई,
पंधरा दिवसांनी माझा एक आठवडा असा येतोय की नुसता कॅलेंडरवर बघितला तरी धस्स होतं. सोमवारी दिवसभर तिमाही आढाव्याची बैठक, आकडे सगळे मीच मांडायचे. त्याच रात्री आठ तासांच्या बसने दुसऱ्या शहरात, कारण मंगळवारी तिथल्या शाखेतल्या नव्या मंडळींना प्रशिक्षण द्यायचंय आणि ते मीच द्यावं असं साहेबांचं म्हणणं आहे. मंगळवारी रात्रीच्या बसने परत. बुधवारी सकाळी दहाला ऑफिस. गुरुवारी संध्याकाळपर्यंत वार्षिक रिपोर्ट, तारीख वरून आलेली आहे. शुक्रवारी पहाटे पावणेसहाचं विमान आणि ग्राहक कंपनीसमोर सादरीकरण; ते फसलं तर वर्षभराची मेहनत पाण्यात. शनिवारी दुपारी परत आणि संध्याकाळी मावसबहिणीकडे समारंभ. ती दोन तासांवर राहते, गाडी मीच चालवणार. रिपोर्ट बसमध्ये लिहून काढीन आणि झोप रविवारी भरून काढीन असं ठरवलंय. घरी नवरा आणि नववीतला मुलगा आहे, दोघंही समजूतदार. पण आत्तापासूनच रात्री तीनला जाग येते आणि डोक्यात यादी सुरू होते. हे सगळं कसं बसवू? की माझंच नियोजन कच्चं आहे?
– पळापळीला कंटाळलेली

तुमचं पत्र हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि एका ओळीखाली रेघ मारली. बाकी प्रत्येक गोष्टीला तुम्ही कारण दिलंय. प्रशिक्षण तुम्हीच द्यायचं, कारण साहेब. रिपोर्ट गुरुवारीच, कारण तारीख वरून आलेली. सादरीकरण चुकवायचं नाही, कारण वर्षभराची मेहनत. ‘बुधवारी सकाळी दहाला ऑफिस’ एवढी एकच ओळ बिनकारणाची आहे. बुधवारी दहा वाजता तिथे कोण तुमची वाट बघतंय? कुणाची बैठक आहे? कशावर सही हवी आहे? की कामाच्या दिवशी दहाला जागेवर असायचं, ही इतक्या वर्षांची सवय, तेवढंच?

तेवढंच असेल तर त्या एका ओळीपायी तुम्ही मंगळवारची रात्र बसच्या सीटवर घालवणार आहात. मंगळवारी प्रशिक्षण संपलं की तिथेच मुक्काम करा. नीट जेवा, झोपा, सकाळी सातच्या सुमाराची गाडी धरा. दुपारी घरी पोचाल. उरलेला बुधवार घरून रिपोर्टला द्या. ऑफिसने कुरकुर केली तर विचारा, की रात्रभर बसून आलेली बाई दहाला खुर्चीत डुलक्या काढताना हवी आहे, की तीनला घरून काम करताना? (हे याच शब्दांत विचारू नका. पण मनात याच शब्दांत असू द्या, म्हणजे आवाज आपोआप ठाम येतो.)

आता ‘कसं बसवू’चं उत्तर. बसणार नाही. नियोजन कच्चं आहे म्हणून नव्हे. तुम्ही प्रत्येक तुकडा तो सगळ्यात छान पार पडला तर किती वेळ घेईल, या हिशेबाने मांडलाय. बस वेळेवर, विमान वेळेवर, बैठक ठरल्या वेळी संपणार, प्रिंटर चालणार, कुणी ‘जरा दोन मिनिटं’ म्हणून अडवणार नाही. हा दोष एकट्या तुमचा नाही. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच त्याला नाव देऊन ठेवलं: आपलं काम किती वेळात होईल याचा अंदाज बांधताना माणूस मागचे अनुभव बाजूला सारतो आणि पुढचं चित्र रंगवतो. मागच्या वेळचा वार्षिक रिपोर्ट प्रत्यक्षात किती दिवसांत हातावेगळा झाला होता ते जुन्या ईमेलमध्ये बघा. तो आकडा खरा. या वेळी मनाशी धरलेला नाही.

म्हणून हा आठवडा आत्ता, तो यायच्या आधी, कापायचा आहे. तुमच्या हातात पंधरा दिवस आहेत, आणि माझ्या मते ते त्या सहा दिवसांपेक्षा मोलाचे आहेत. तो आठवडा उगवला की विचार करायला सवड नसते. समोर येईल ते उचलायचं एवढंच होतं. काय गाळायचं, कुणाला काय सांगायचं, कुठे मुक्काम करायचा, हे सगळे निर्णय थंड डोक्याने आत्ताच घेऊन टाका. आणि हो, त्यात काहीतरी गाळलं गेलंच पाहिजे. काहीच न गाळता नुसतं रंगीत पेनांनी पुन्हा मांडलेलं वेळापत्रक म्हणजे तोच आठवडा, नटवलेला.

तुमच्या रात्री मोजल्या. सोमवारी बस, तुटक झोप, चार तास धरू. मंगळवारी पुन्हा बस, पुन्हा चार. बुधवारी रिपोर्टसाठी जागरण. गुरुवारी रिपोर्ट देऊन घरी येणार, सामान भरणार आणि पावणेसहाच्या विमानासाठी अडीचला उठणार. शुक्रवारी हॉटेलातला परका पलंग. आणि या पाच रात्रींच्या शेवटी, शनिवारी संध्याकाळी, दोन तास गाडी चालवत जायचं आणि अंधारात तशीच परत यायचं.

तुमचा ‘रविवारी भरून काढीन’ हा हिशेब प्रयोगशाळेत जवळपास जसाच्या तसा तपासला गेला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट माणसांना सलग पाच रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं आणि मग एका रात्री दहा तासांपर्यंत अंथरुणात राहण्याची मुभा दिली. तरीही सगळ्यांची गाडी पूर्ण रुळावर आली नाही. लक्ष आणि सावधपणा आधीच्या पातळीला पोचला नाही. त्याआधी, २००३ मध्ये, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी रोज सहाच तास झोपणाऱ्यांना दोन आठवडे तपासलं होतं. शेवटी शेवटी त्यांच्या चाचण्या एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारख्या येऊ लागल्या. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त काळजीची वाटते: त्या लोकांना आपण इतके ढेपाळलोय याचा पत्ताच नव्हता. थोडी झोप येतेय, बाकी ठीक आहे, असंच ते सांगत होते. ‘मला सवय आहे, मी चालवून नेते’ असं जेव्हा तुम्ही गुरुवारी म्हणाल तेव्हा हे आठवा. तुमचं म्हणणं खोटं नसेल, पण त्या घडीला तुमचा अंदाज भरवशाचा नसेल.

मग झोपेचं काय करायचं? उलटा हिशेब करा. नंतर भरून काढण्याऐवजी आधी साठवा. हेही तपासलेलं आहे: २००९ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधन संस्थेतल्या मंडळींनी काही जणांना झोप तोडण्याआधीचा आठवडाभर रोज दहा तास अंथरुणात राहू दिलं. पुढे झोप कमी केल्यावर ते इतरांपेक्षा कमी ढासळले आणि लवकर सावरले. दहा तास तुम्हाला कुणी देणार नाही, मलाही ठाऊक आहे. पण त्या आधीच्या आठवड्यात रोज तासभर लवकर पडणं जमण्यासारखं आहे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला की तो तास सापडतो.

सोमवारची रात्रीची बस मात्र टळत नाही असं दिसतंय. मग ती नीट करा. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी नको. कॅफिन रक्तात निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे सातला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन बारा वाजता, बस अंधारात धावत असताना, तुमच्या अंगात जागं असतं. डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, मानेला उशी. लाजू नका, त्या बसमध्ये तुम्हाला कुणी ओळखत नाही. आणि शाखेतल्या माणसांना आजच सांगून ठेवा: पहाटे सहाला मी उतरणार, दहापर्यंत एक खोली हवी. ही मागणी लोक संकोचाने करत नाहीत आणि मग बसस्टँडच्या बाकावर बसून दात घासायची सोय शोधतात. त्या खोलीत अंघोळ करा आणि दीड तास पडा. झोपलात तर उत्तम. उठल्यावर डोकं जड वाटेल, त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवा. गाढ झोपेतून उठल्यावर मेंदू चालू व्हायला वेळ लागतो. दिवसा खुर्चीत डुलकी घ्यायची झाली तर वीस मिनिटांचा गजर लावा, म्हणजे तो जडपणा येत नाही.

बसमध्ये रिपोर्ट लिहायचा बेत सोडून द्या. चालत्या गाडीत स्क्रीनकडे बघितलं की डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय. या भांडणात पोट ढवळतं. ज्यांना असा त्रास होत नाही त्यांचंही तिथलं लिखाण सकाळी वाचवत नाही. बसमध्ये झोपायचं, नाही आली झोप तर काहीतरी ऐकत पडायचं. बस.

रिपोर्ट त्या आठवड्यात लिहायचाच नाही. त्या आठवड्यात फक्त पुरा करायचा. वार्षिक रिपोर्टमध्ये मागच्या वर्षासारखीच राहणारी पानं भरपूर असतात: ओळख, पद्धत, मागच्या तिमाहींचे आकडे, तक्ते. ते सगळं पुढच्या चार-पाच दिवसांत उरका. नव्या आकड्यांच्या जागा पिवळ्या रंगाने मोकळ्या ठेवा. सोमवारच्या बैठकीसाठी जे आकडे गोळा करणार आहात तेच या मोकळ्या जागांत जातील, म्हणजे एकाच कष्टात दोन कामं. बुधवारी दुपारी पिवळं भरायचं, गुरुवारी सकाळी ताज्या डोळ्यांनी वाचायचं, दुपारी पाठवायचं. संध्याकाळची तारीख असली म्हणून संध्याकाळीच पाठवावं असं काही नसतं.

साहेबांशी बोलणं हा या सगळ्यातला अवघड भाग, म्हणून शब्दच देते. तक्रारीच्या सुरात ‘सर, फारच धावपळ होतेय’ म्हणालात तर उत्तर येईल ‘थोडं ॲडजस्ट करा’. त्याऐवजी लेखी, चार ओळींत: ‘सर, त्या आठवड्यात आढावा, प्रशिक्षण, रिपोर्ट आणि सादरीकरण अशी चार कामं आहेत. चारही वेळेत होण्यासाठी मी मंगळवारी तिकडेच मुक्काम करून बुधवारी दुपारपासून घरून रिपोर्ट करीन, आणि शुक्रवार पहाटेऐवजी गुरुवारी संध्याकाळच्या विमानाने जाईन. मुक्कामाचा खर्च दोन रात्रींचा वाढेल. उद्यापर्यंत हरकत कळवली नाहीत तर तिकिटं बदलून घेते.’ यात परवानगीची याचना नाही, ठरलेली योजना आहे, आणि खर्च न लपवता सांगितलेला आहे. साहेब मंडळींना संकटापेक्षा तोडगा वाचायला आवडतो. ते नाहीच म्हणाले तर निदान कुठलं काम मागे ठेवायचं हे त्यांनाच ठरवायला लावा. ‘चारही महत्त्वाची आहेत’ हे उत्तर नव्हे, पुन्हा विचारा.

हो, गुरुवारी संध्याकाळचं विमान. पहाटेच्या विमानाच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: दिवसातलं पहिलं उड्डाण सहसा वेळेवर सुटतं, कारण आधीच्या फेऱ्यांचा उशीर त्याच्या वाट्याला आलेला नसतो. पण सुटलं नाही तर? तुमचं सादरीकरण आणि तुम्ही यांच्यामध्ये काहीच उरत नाही. संध्याकाळचं विमान दोन तास रखडलं तरी हातात रात्र असते. परक्या जागी पहिल्या रात्री झोप हलकी लागते हेही खरं. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांना असं आढळलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपतो, जणू पहारा देतो. तरीसुद्धा हॉटेलातली सहा तासांची हलकी झोप ही अडीचच्या गजराच्या धास्तीत घरी काढलेल्या तीन तासांपेक्षा सरस. शिवाय शुक्रवारची रात्र त्याच खोलीत, म्हणजे ती दुसरी रात्र होईल आणि बरी लागेल.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, तुम्ही प्रवासाला सरावलेल्या दिसता. एवढंच करा: यादी कागदावर लिहा आणि बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवा. सराईत माणसाला यादी लागत नाही हा गैरसमज आहे. १९३५ मध्ये बोइंगचं एक नवं चार इंजिनांचं विमान चाचणीच्या वेळी उडताच कोसळलं. वैमानिक नवखे नव्हते, चांगले अनुभवी होते. जमिनीवर असताना शेपटीकडची सुकाणूं जखडून ठेवणारा अडसर काढायचा राहून गेला होता. त्यानंतर वैमानिकांच्या हातात छापील यादी आली ती आजतागायत आहे. तुमच्या यादीत चार्जर, ओळखपत्र, रोजची औषधं आणि सादरीकरणाची प्रत पेनड्राइव्हवर, एवढं असलं तरी पुरे. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इन सामानात ती चालत नाही आणि ऐन वेळी बॅग उघडायला लागली की पुढचा सगळा दिवस त्याच घाईत जातो. सोमवारच्या आणि गुरुवारच्या प्रवासाच्या दोन बॅगा रविवारीच भरून ठेवता आल्या तर बुधवारची संध्याकाळ मोकळी मिळेल.

रात्री तीनच्या यादीवर एक खात्रीचा उपाय आहे. अर्धवट कामं डोक्यात घोळत राहतात आणि ती संपली की घोळणं थांबतं, हे तर झालंच. पण मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये दाखवलं की काम संपलेलं नसतानाही ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी घोळणं ओसरतं. म्हणून उशाशी वही ठेवा. पण ‘रिपोर्ट!!’ असं लिहू नका, त्याने फक्त हाताला व्यायाम होतो. ‘शनिवारी सकाळी नऊ ते अकरा, जुने तक्ते नव्या फाइलमध्ये’ असं लिहा.

घरच्यांना ‘त्या आठवड्यात जरा सांभाळून घ्या’ एवढंच सांगितलंत तर समजूतदार माणसंही गोंधळतात. कामं पूर्ण हवाली करा आणि मग त्यात लक्ष घालू नका. नववीतला मुलगा स्वतःचा डबा, गणवेश आणि क्लासची वेळ सांभाळू शकतो. नाही जमलं एखाद्या दिवशी तर काही बिघडत नाही. बसमधून फोन करून ‘गॅस बंद केलास का’ विचारत राहिलात तर काम त्यांच्याकडे गेलंच नाही, फक्त तुमची चिंता लांबून चालू राहिली. रोज रात्री ठरलेल्या वेळी एक फोन, गप्पांसाठी. मुलगा दोन वाक्यांत उरकेल, त्याने मन खट्टू करू नका. नववी आहे.

आणि शनिवार. इथे मी तुमच्या बाजूने नाही. बाकी सगळ्यात चूक झाली तर काम बिघडेल, इथे जीव जाऊ शकतो. सलग सतरा तास जागा असलेला माणूस साधारण ०.०५ टक्के मद्य रक्तात असलेल्या माणसाइतका सुस्त होतो, असं १९९७ मध्ये एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात दिसलं होतं, आणि ती माणसं आधीचा आठवडा तुमच्यासारखी पळालेली नव्हती. सकाळी सहाला उठून रात्री अकराला परतीच्या रस्त्याला लागलात की सतरा तास भरतात. काच खाली केल्याने, गाणी मोठ्याने लावल्याने झोप जात नाही. थोडी मागे सरकते आणि न सांगता परत येते. नवरा गाडी चालवत असेल तर त्याच्याबरोबर जा, मागच्या सीटवर झोपत जा. तो येणार नसेल तर भाड्याची गाडी करा किंवा जाऊन तिथेच राहा आणि सकाळी निघा.

पण खरं सांगू? मी शनिवारी जाणारच नाही म्हणाले असते. मावसबहिणीच्या घरी समारंभाच्या दिवशी पन्नास माणसं असणार, त्यात तुम्ही तासभर जांभया दाबत उभ्या राहणार. त्यापेक्षा पुढच्या रविवारी मुलाला घेऊन दिवसभर जा. ती मोकळी असेल, तुम्ही माणसात असाल. ‘न जाणं बरं दिसेल का’ असं तुम्ही लिहिलं नाहीत, पण गाडी मीच चालवणार असं ठासून लिहिलंय त्यात ते वाचलं मी. आयत्या वेळी न जाणं बरं दिसत नाही. पंधरा दिवस आधी फोन करून ‘त्या दिवशी मी बाहेरगावाहून येतेय, दमलेली असेन, पुढच्या रविवारी येते, तुझ्यासाठी वेळ काढून येते’ असं सांगितलेलं कुणाला खटकत नाही. खटकलंच तर ती थोडी फुगेल आणि पुढच्या रविवारी तुम्हाला चार शब्द ऐकवेल, तेवढे ऐकून घ्या. फोन आज-उद्याच करा. शनिवारी दुपारी विमानतळावर सामानाची वाट बघत उभ्या असताना करू नका. तेव्हा तुम्ही ‘बरं येते’ म्हणून बसाल.